मयूर भोईरचे पाहुणे

बाळकुमच्या भोईरांच्या दारातून कुणी उपाशी परत गेल्याचं गावात कुणाला आठवत नाही. ऐकायला ही गोष्ट फार चांगली वाटते. क्षिप्रालाही वाटायची, त्या घरच्या मयूरने तिच्या खेळातल्या अस्वलाला जेवायला बसवलं, तोपर्यंत.

खेळ म्हणजे तो टेबलाभोवती बसून खेळायचा. एक जण गोष्ट रचतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि मारामारीची वेळ आली की वीस बाजूंचा फासा टाकून कोण वाचलं, कोण मेलं ते ठरतं. इथे गोष्ट रचणारी क्षिप्रा. राहायला घोडबंदर रोडला, नोकरी विमा कंपनीत. कुठल्या माणसावर केव्हा काय कोसळू शकेल याचा अंदाज बांधायचा तिला तिथे पगार मिळायचा आणि रविवारी तेच काम ती हौसेने फुकट करायची. समोर किती राक्षस सोडले म्हणजे खेळणाऱ्यांना घाम फुटेल पण जीव जाणार नाही, हे ती शनिवारी चहा पिता पिता ठरवून ठेवी, आणि तिचा अंदाज सहसा चुकत नसे. तिला त्याचा थोडा गर्वही होता. थोडा म्हणजे, तिच्या मते थोडा.

खेळणारे तिघे. पहिला अर्थात मयूर, कारण जागा त्याची. त्याच्या आजोबांची, काळुराम भोईरांची, खाडीकडे मिठागरं होती. आता तिकडे टॉवर उभे आहेत आणि भोईरांकडे तीन मजली बंगला आहे, ज्याचा वरचा मजला रविवारी दुपारी या मंडळींना मोकळा असे. खेळात मयूर म्हणजे सरदार भैरू, हातात कुऱ्हाड. दुसरा डोंबिवलीचा नील, सॉफ्टवेअरवाला. खेळात जादूगार आणि खेळाबाहेर नियमांचा वकील. तिसरी कृतिका. ती कल्याणच्या एका शाळेत गणित शिकवायची आणि राहायची पार खडवलीला. सुट्टीचा एकुलता एक रविवार ती या टेबलाला द्यायची, त्यातही येण्याजाण्यात वेळ जायचा तो निराळाच, आणि माजिवड्याच्या सिग्नलला जे काय भोगावं लागे ते वर. खेळात ती चिमी नावाची चोर होती: अंगाने बारीक, कमरेला सुरी, पावलांचा आवाज नाही.

तर अस्वल. ते क्षिप्राने मरण्यासाठीच ठेवलेलं होतं. गुहेच्या तोंडाशी उभं राहायचं, दोन पंजे मारायचे आणि मरायचं, एवढीच त्याची नेमणूक. कुऱ्हाडीचा पहिला घाव बसला आणि मयूर मध्येच म्हणाला, "थांब थांब. हे आपल्याला का मारतंय पण?"

"अस्वल आहे ते, मयूर."

"ते दिसतंय. भुकेलं आहे का?"

क्षिप्रा सावध नव्हती. "असेल," ती म्हणून गेली.

"मग मी कुऱ्हाड खाली ठेवतो. पिशवीतली सुकी मासळी काढून त्याच्यापुढे ठेवतो. म्हणतो, ये बाबा, आधी जेव."

नीलने कपाळाला हात लावला. "भाई, टर्न फुकट घालवतोस तू."

मयूरने फासा टाकला. वीस पडले. वीसच्या वर या खेळात अपील नाही. अस्वल मासळी खाऊन सरदार भैरूच्या मागोमाग गुहेबाहेर आलं आणि त्याचं नाव बाबल्या पडलं. मयूर धावत खाली गेला आणि गेल्या वर्षीच्या त्याच्या लग्नातल्या उरलेल्या सुपाऱ्यांची पिशवी घेऊन वर आला. त्यातली एक सुपारी त्याने नकाशावर आपल्या सरदाराशेजारी ठेवली. "हा बाबल्या. आपल्याकडचा."

आता एका बाजूला एक अस्वल वाढलं म्हटल्यावर दुसऱ्या बाजूला काहीतरी वाढवायला नको? हा सरळ हिशोब. क्षिप्राने पुढच्या लढाईत दोन लांडगे जास्तीचे सोडले. लढाई संपता संपता ते दोन लांडगे बाबल्याशेजारी मासळी खात बसले होते. लांडग्यांना तोडीस तोड म्हणून तिने एकडोळ्या राक्षस आणला. तो आता डोंगऱ्या या नावाने सरदाराचं सामान वाहत होता. डोंगऱ्याला उतारा म्हणून बुटक्या लुटारूंची टोळी. त्यातले जे वाचले ते तळावर भात शिजवायला लागले. क्षिप्रा ज्या पारड्यात वजन टाकी, तिथून ते वजन उठून चालत समोरच्या पारड्यात जाऊन बसे, आणि वर जेवायला काय आहे म्हणून विचारी.

बरं, नुसते बसून खातील तर ते भोईरांचे पाहुणे कसले! लढाईत प्रत्येकाचा वेगळा टर्न. प्रत्येकासाठी मयूर वेगळा फासा टाकणार, तोही आधी मुठीत धरून, त्यावर फुंकर मारून, "चल रे बाबल्या, दाखव यांना" वगैरे सांगून. एका रविवारी भजी वर आली, खाऊन झाली, ताटल्या खाली गेल्या, तरी बाबल्याचा पंजा अजून हवेतच होता. शेवटी कृतिकाचा टर्न आला. ती पुढे सरसावली. "मी झाडावरून उतरते. आवाज न करता लुटारूंच्या म्होरक्याच्या मागे जाते आणि—"

"म्होरक्या गेला गं," मयूर म्हणाला. "त्याला मघाशीच लांडग्याने खाल्ला."

"अच्छा," कृतिका म्हणाली आणि पुन्हा खुर्चीला टेकून बसली.

क्षिप्राने ते टेकून बसणं पाहिलं. विम्यात काम केलेल्या माणसाला गळती कुठे लागणार ते आधी दिसतं.

नीलकडे उपाय तयार होता. तसा त्याच्याकडे तो नेहमीच असतो. "मारून टाक ना त्यांना," त्याने फोनवर सांगितलं. "एक दरड कोसळव. सगळे पाहुणे खलास. सिंपल."

क्षिप्राने दरड कोसळवली. बाबल्या, लांडगे, डोंगऱ्या, बुटके, सगळे दगडाखाली. मयूरचा चेहरा असा झाला की जणू त्याच्याच बंगल्याचा स्लॅब खाली आला. मग तो उठून उभा राहिला आणि अख्खी दुपार दगड उपसत राहिला. नीलला जादूने दगड उचलायला लावले, कृतिकाला दोरी धरायला लावली. एकेक पाहुणा जिवंत निघाला. सगळे निघाल्यावर मयूर म्हणाला, "अजून कोणी आहे का खाली? बघू दे एकदा," आणि फासा टाकला. पुन्हा वीस. खालून एक गाढव निघालं, जे क्षिप्राने ठेवलेलंच नव्हतं. चिमी ही चोर त्या संपूर्ण दिवसात फक्त दोरी धरून उभी होती.

त्या संध्याकाळी कृतिका जिन्यात चपला घालत होती, तेव्हा क्षिप्रा तिच्यामागे आली.

"ताई, पुढच्या रविवारी येते मी," कृतिका म्हणाली. "ती महाखेकड्याची, राजचिंबोरीची लढाई आहे ना तुमची, तेवढी खेळते. मग थांबते."

"थांबते म्हणजे?"

"म्हणजे नाही येत. रागावले नाहीये हं. मजा येते, खरंच येते. पण नुसती बघायची मजा असेल तर आमच्याकडे टीव्ही आहे, ताई. त्याला रिक्षा बदलावी लागत नाही."

त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. सगळ्यात लांबून येणाऱ्या माणसाच्या ताटात सगळ्यात कमी पडत होतं. आणि दुसरी गोष्ट अशी की क्षिप्रा जेव्हा खाडीवरच्या धुक्याबद्दल नाहीतर पडक्या बुरुजाबद्दल बोलू लागे, तेव्हा नील नियम चाळत असे आणि मयूर अस्वलाची चिंता करत असे. गोष्ट ऐकत असे ती फक्त कृतिका. ती गेली की टेबल राहील, फासे राहतील, सुपाऱ्या तर राहतीलच. गोष्ट मात्र कोणाला सांगायची?

मयूरला सरळ "तुझे पाहुणे हाकल" असं सांगणंही शक्य नव्हतं. त्याची आई शालूकाकी दर रविवारी चिंबोऱ्यांचा रस्सा आणि तांदळाच्या भाकऱ्या वर पाठवायची. क्षिप्राच्या घरात मासे शिजत नसत. तरी हा रस्सा ती किती दिवस खात आली होती हे तिच्या बाबांना ठाऊक होतं, आणि ठाऊक नाही असं त्यांनी ठरवलेलंही होतं. असं मीठ खाऊन त्याच छपराखाली पाहुणे हाकलायचे म्हणजे फारच झालं.

शनिवारी चहा झाला, थंड झाला, आणि क्षिप्राची राजचिंबोरी काही ठरेना. बाबा, म्हणजे श्रीपादराव, बँकेतून निवृत्त झालेले, शब्दकोडं बाजूला ठेवून म्हणाले, "आज राक्षस कमी पडले वाटतं?"

"राक्षस पुरेसे आहेत, बाबा. मित्रच जास्त झालेत." तिने सगळं सांगितलं.

श्रीपादरावांनी ऐकून घेतलं. "आम्ही नौपाड्यात गल्लीत क्रिकेट खेळायचो, तेव्हा तुझा धाकटा काका आमचं कच्चं लिंबू होता. आईने सांगितलेलं, त्यालाही घ्या. मग घ्यायचो. चेंडूमागे पळायचा, बॅटिंगही करायचा, पण कितीदा आउट झाला तरी आउट नाही आणि त्याने कुणाला आउट केलं तरी तेही नाही. टीमची माणसं मोजताना त्याला धरायचंच नाही. दोन्ही बाजू खूश."

क्षिप्राने कप खाली ठेवला. एवढं सोपं! पाहुण्यांना लढू द्यायचं, पण धरायचं नाही. "आणि काका?"

"काय काका?"

"तोही खूश होता का?"

श्रीपादरावांनी पुन्हा शब्दकोडं उचललं. "तो अजून त्यावरून बोलतो," ते म्हणाले.

क्षिप्राने या वाक्याकडे लक्ष द्यायला हवं होतं. ती तेव्हा राजचिंबोरीच्या नांग्या मोजत होती.

रविवारी सगळे जमले. कृतिकाने येताना पेढे आणले होते, आणि शेवटच्या दिवशी आणतात तसे ते तिने टेबलावर ठेवले. मयूरला अजून काही माहीत नव्हतं. तो सुपाऱ्या मांडत होता, एकेकीला नावाने हाक मारत. क्षिप्राने घसा साफ केला आणि नवा नियम सांगितला: पाहुण्यांना वेगळा टर्न नाही, पाहुणे मरणार नाहीत, पाहुण्यांनी मारलेलं धरलं जाणार नाही. "म्हणजे आपलं कच्चं लिंबू असतं ना, तसं."

मयूरच्या हातातली सुपारी हातातच राहिली.

"बाबल्या कच्चं लिंबू?"

"अरे, तसं नाही—"

"नाय नाय, बोल ना. माझ्या घरात बसून, माझ्या पाहुण्याला लिंबू बोल. ज्या बाबल्याने तुझ्या त्या विहिरीतल्या भुताला पाणी पाजलं, तो लिंबू."

"नियम म्हणून बघितलं तर बरोबर आहे पण," नील म्हणाला.

"तू गप रे. दरड कोणाची आयडिया होती ते माहित्ये मला."

 त्याच वेळी शालूकाकी पाण्याचा तांब्या घेऊन वर आल्या. मुलाचा चेहरा पाहून दारातच थांबल्या. "काय झाला रं? कोन लिंबू?"

"आई, ही म्हणते पाहुण्यांना मोजायचं नाय."

शालूकाकींनी क्षिप्राकडे पाहिलं, मग टेबलावरच्या सुपाऱ्यांकडे. "पावन्याला मोजाचा नाय तं मोजाचा कोनाला गो?" त्या म्हणाल्या. "मी भाकऱ्या कशे टाकू मग, अंदाजान?" तांब्या ठेवला आणि निघून गेल्या. नियम तिथेच मेला. त्याला वीसही पडावे लागले नाहीत.

 मयूर सुपाऱ्या पिशवीत भरायला लागला. हे भांडणापेक्षा वाईट होतं. सुपाऱ्या गेल्या की पुढचा रविवार नाही, हे क्षिप्राला स्वच्छ दिसत होतं. एक गळती बुजवायला जाऊन तिने अख्खी टाकीच फोडली होती.

"मयूरदादा," कृतिका म्हणाली. "तुझ्या हळदीला किती माणसं होती?"

मयूरने वर पाहिलं. हळदीचा विषय निघाल्यावर गप्प बसणारा भोईर अजून जन्मायचा आहे. "बाराशे तर जेवून गेलेले. नाचून गेले ते वेगळे."

"आणि हळद कोणाला लागली?"

"कोणाला म्हणजे? सगळ्यांना. हा नील पिवळा होऊन डोंबिवलीला गेलेला."

"सोमवारी ऑफिसलाही," नील म्हणाला.

हे उत्तर कृतिकाला नको होतं. पण वर्गात नको ती उत्तरं ऐकायची तिला सवय होती. तिने प्रश्न पुसला आणि नवा मांडला. "बरं. पाटावर कोण बसलेलं?"

"मी."

"एकटाच?"

"मग काय बाराशे जण बसतात का पाटावर?"

"आणि त्यातलं कोणी रुसलं का, की मला पाट दिला नाही म्हणून?"

"पाटावरून कोण रुसेल? येडी आहेस का? हां, मामा रुसलेला. पण ते वेगळं. मला खांद्यावर घेऊन नाचायचं होतं त्याला, आणि सहदेवकाकाने आधीच उचलला मला."

"म्हणजे मामा रुसला तो पाट दिला नाही म्हणून नाही," कृतिका म्हणाली. "काम दिलं नाही म्हणून."

मयूरने पिशवी खाली ठेवली.

"मग इथे पण तसंच करू. ज्याचा टर्न, तो पाटावर. सगळे पाहुणे त्याच्या मागे उभे. त्यातल्या एका पाहुण्याला तो काम सांगेल, आणि पाहुणा करेल. टर्न संपला की पाटावरून उठायचं, दुसऱ्याने बसायचं. पाहुण्यांना वेगळा पाट नाही. पण मान आहे. आणि काम आहे."

क्षिप्रा भराभर विचार करत होती. पाट तीनच माणसांचा, म्हणजे समोरचे राक्षस तिघांच्या मापाचे. पाहुणे कितीही येवोत, टर्न वाढत नाहीत. एक भोक तेवढं राहत होतं, आणि नीलला ते दिसलंच. "पाहुण्याला लागलं तर? मरत नसतील तर मी प्रत्येक वेळी बाबल्यालाच पुढे करेन ना. फुकटचं अस्वल."

"पाहुण्याला नाही लागणार," क्षिप्रा सावकाश म्हणाली. "त्याला कामाला लावणाऱ्याला लागेल. पाहुण्यावर बसलेला प्रत्येक फटका पाटावरच्याच्या अंगावर."

आता मयूर हे कसं घेतो, म्हणून तिघांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा मात्र उजळला होता. "मग बरोबरच आहे की! आपण बोलावलेल्या माणसाचं काय झालं तर आपल्यावरच येतं. हे आधी का नाय बोललीस? लिंबू काय, फिंबू काय." मग त्याच्या लक्षात दुसरी गोष्ट आली. "म्हणजे कृतिकाच्या टर्नला माझा बाबल्या कृतिकाचा?"

"हो."

त्याने आवंढा गिळला. नवी बुलेट कोणी चालवायला मागितली की माणूस गिळतो तसा. "ठीक आहे. पण सांभाळून हां. त्याच्या डाव्या पायाला लागलेलं आहे."

एवढं ठरलं म्हटल्यावर त्याच्याने राहवेना. तो खाली जाऊन खरोखरीचा पाट घेऊन आला. त्याच्या हळदीचाच होता, कडांना अजून पिवळा. ज्याचा टर्न, त्याने खुर्चीवर हा पाट ठेवून त्यावर बसायचं. खुर्ची डगमगायची आणि बसणाऱ्याला टेबल चार बोटं खाली दिसायचं, पण प्रत्येक जण असा ताठ बसला की क्षिप्राला हसू दाबावं लागलं.

राजचिंबोरी ओस पडलेल्या मिठागरात होती. घराएवढी पाठ, होडी मोडणाऱ्या नांग्या. नील पाटावर बसला आणि आग सोडण्याआधी तिचा नियम वाचू लागला, तसा मयूर ओरडला, "उठ लवकर, पाट गरम केलास!" नीलने आग सोडली आणि नांग्यांना दोर टाकायला बुटक्यांना लावलं, नांगी बुटक्यांच्या घोळक्यावर फिरली आणि फटका नीलच्या जादूगाराला बसला. "च्यायला, खरंच लागतं की," तो म्हणाला. मयूर बसला, बाबल्याला पुढे केलं, स्वतः मार खाल्ला आणि "बाबल्याला नाय लागलं ना?" असं दोनदा विचारलं.

आणि भजी वर यायच्या आत कृतिकाचा टर्न आला.

ती पाटावर चढून बसली. नकाशाकडे पाहिलं. सगळ्या सुपाऱ्या चिमीच्या मागे सरकवल्या, एकेक करून, घाई न करता. "डोंगऱ्या," ती म्हणाली. "मला उचल. खांद्यावर."

"मामाची इच्छा पुरी झाली," मयूर म्हणाला.

"आणि आता मला फेक. तिच्या पाठीवर."

फासा बरा पडला. चिमी हवेतून गेली आणि राजचिंबोरीच्या पाठीवर पालीसारखी चिकटली. नांगी वळून डोंगऱ्याच्या गुडघ्यावर बसली, फटका चिमीला. "किती उरलं?" नीलने विचारलं. फार थोडं उरलं होतं. अजून एक फटका, की चिमी संपली. मयूर पुढच्या टर्नला पाटावर बसला तेव्हा त्याने कुऱ्हाड उचललीच नाही. बाबल्याला घेऊन तो नांगीला लोंबकळला आणि तिचं वजन चिमीपर्यंत पोचू दिलं नाही. नीलने नियम न वाचता धूर केला. चौघंही टेबलावर वाकली होती. भजी आली होती आणि कुणी घेतली नव्हती. शालूकाकींनी ती दोनदा पुढे सरकवली आणि मग स्वतःच एक खात दाराशी उभ्या राहिल्या.

पुन्हा कृतिका. पाट. "मी सरपटत तिच्या डोळ्यांच्या मागे जाते. कवचाच्या सांध्याशी. सुरी टेकवते."

"पोचलीस," क्षिप्रा म्हणाली. तिथे मारलं तर राजचिंबोरी मरत होती. क्षिप्राने ते शनिवारीच तसं ठेवलेलं. "मारतेस?"

कृतिकाने फासा उचलला, आणि खाली ठेवला. "ताई, ही इथे का आहे पण?"

  हा प्रश्न क्षिप्राने याआधी एकदा, अस्वलाच्या वेळी, ऐकला होता आणि त्याची किंमत ती अजून फेडत होती. खोटं बोलता आलं असतं. वाईट आहे, खुनशी आहे, मार, संपव. पण समोर बसलेली मुलगी गोष्ट ऐकत होती, आणि ऐकणाऱ्याला खोटी गोष्ट सांगायची नसते.

"भरतीला आत आली," क्षिप्रा म्हणाली. "मग बांध बंद झाला. पाणी आटत चाललंय. तिला परत खाडीत जाता येत नाहीये."

"म्हणजे अडकली आहे."

"हो."

"मग मी सुरी काढून घेते. तिच्या पाठीवर हात ठेवते, म्हणते, चल, तुला घरी सोडते." तिने मयूरकडे पाहिलं. "दादा, मासळी उरली आहे का?"

"आहे का काय विचारतेस!" मयूर खुर्चीवरून जवळजवळ उडाला.

"नको," नील म्हणाला. "नको, नको, नको."

कृतिकाने फासा टाकला. चौदा. वीस नव्हते, पण क्षिप्राने मनातल्या मनात हवा होता तो आकडा तेराच धरलेला होता. आधीपासून धरला होता की आत्ता, हे तिने स्वतःलाही विचारलं नाही.

नांग्या खाली आल्या. टेबलावर असा गलका झाला की शालूकाकी दारातून म्हणाल्या, "मेली का जिकली?"

"जेवायला बसली, काकी!" नील ओरडला.

"मग तुमी पन बसा," असं म्हणून त्या खाली गेल्या आणि रस्सा घेऊन आल्या. आज त्यात चिंबोऱ्या मोठ्या होत्या. सगळ्यांचं लक्ष कृतिकाकडे. तिने ताट पुढे ओढलं, एक नांगी उचलली आणि दाढेखाली कडकन फोडली.

"अगं, तुझीच ना ती?" मयूर म्हणाला.

"ही वेगळी," कृतिका म्हणाली आणि रस्सा ओरपला.

जेवण झाल्यावर मयूरने पिशवीतून नवी सुपारी काढून नकाशावर चिमीशेजारी ठेवली. "नाव काय ठेवायचं हिचं?"

"सांगते. विचार करून."

"अजून खाडीपर्यंत पोचवायची आहे तिला," क्षिप्रा म्हणाली, शक्य तितकं सहज. "वाटेत दलदल आहे. सोपं नाही ते."

 कृतिकाने हात धुतले, ओढणीला पुसले, पिशवी खांद्याला लावली. पेढ्याचा रिकामा डबा आत टाकला. मग टेबलाशी थांबली, चिमीशेजारची सुपारी उचलली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून चेन लावली.

"अरे, ती इथे ठेव ना," मयूर म्हणाला. "बाकीच्यांबरोबर. हरवली तर?"

"माझ्याकडे राहू दे. तुमच्याकडे गर्दी फार आहे," ती म्हणाली आणि जिना उतरली.

क्षिप्राने तिला पुढच्या रविवारबद्दल काही विचारलं नाही. सुपारी परत आणायला कुणालातरी यावंच लागणार होतं.